पैशांवाचून रमी : दोघांच्या डावाची ओळख

वडाळ्याहून सकाळी मशीद बंदरकडे जाणाऱ्या हार्बर गाडीत शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड एवढी स्थानके मागे पडेपर्यंत पत्त्यांचा एखादा डाव सहज होतो. मांडीवर आडवी ठेवलेली बॅग हेच टेबल आणि रोजचे सोबती हेच गडी. पेढी मुलांच्या हाती सोपवली की ही गाडी सुटते आणि तिच्याबरोबर ती चौकडीही. मुलगा दुकानात, सून नोकरीवर, नातवंडे शाळेत किंवा परदेशात. घरात उरतात दोघे. मग पत्त्यांचा कॅट कपाटात पडून राहतो आणि हाती येतो मोबाईल, ज्यात रमी खेळायला ओळखीचा गडी लागत नाही.

वास्तविक दोघांसाठी रमीचा एक उत्तम प्रकार अस्तित्वात आहे. त्याला जिन रमी म्हणतात. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये एल्वुड बेकर यांनी तो रूढ केला, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडील तेरा पानी रमी येत असेल, तर हा प्रकार पंधरा मिनिटांत समजतो. त्यात पैसा लावण्याची मुळीच गरज नाही, आणि व्यापारी घरातील माणसाला त्याचे मर्म इतरांपेक्षा लवकर उमगते.

डावाची मांडणी

बावन्न पानांचा एकच कॅट घ्यावा, जोकर काढून टाकावेत. पाने पिसून प्रत्येकाला एकेक करून दहा पाने वाटावीत. एकविसावे पान मध्ये उघडे ठेवावे आणि उरलेली गड्डी त्याशेजारी पालथी ठेवावी.

उघडे पान घेण्याचा पहिला हक्क न वाटणाऱ्याचा. त्याने नाकारले तर वाटणाऱ्याचा. दोघांनाही ते नको असेल, तर न वाटणाऱ्याने बंद गड्डीतील पान उचलून खेळ सुरू करावा. पुढे प्रत्येक पाळीत उघडे किंवा बंद यांपैकी एक पान घ्यावे आणि हातातील एक पान टाकावे. उघड्यावरून घेतलेले पान त्याच पाळीत परत टाकता येत नाही.

हातातील पानांचे गट जुळवायचे असतात. एकाच आकड्याची तीन किंवा चार पाने हा एक प्रकार, उदाहरणार्थ तीन राण्या. एकाच जातीची ओळीने तीन किंवा अधिक पाने हा दुसरा, उदाहरणार्थ बदामाची पंजी, छक्की आणि सत्ती. एक पान एकाच गटात धरले जाते. एक्का नेहमी दुर्रीच्या खालचा. राजानंतर तो लावता येत नाही. गटात न बसलेली पाने ती पडीक पाने. राजा, राणी आणि गुलाम यांचे प्रत्येकी दहा, एक्क्याचा एक आणि इतरांचे पानावरील आकड्याइतके गुण धरावेत.

ठोका आणि हिशेब

तेरा पानी रमीपेक्षा हा खेळ वेगळा ठरतो तो येथे. सर्व पाने जुळेपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. एक पान टाकल्यावर हातातील पडीक पानांची बेरीज दहा किंवा त्याहून कमी होत असेल, तर ते शेवटचे पान पालथे टाकून आपण ठोका देऊ शकतो. मग दोघांनी आपापली पाने मांडावीत. समोरच्याला एक सवलत असते : आपली पडीक पाने ठोका देणाऱ्याच्या गटांना जोडता येत असतील, तर त्याने ती जोडावीत.

एक उदाहरण पाहू. तुमच्या हाती बदामाची पंजी, छक्की, सत्ती हा एक गट आहे. इस्पिक, किलवर आणि चौकट या तीन राण्या हा दुसरा. शिवाय इस्पिकचा एक्का, चौकटची दुर्री, किलवरची तिर्री, इस्पिकची चव्वी आणि अकरावे पान इस्पिकचा राजा. राजा पालथा टाकला की पडीक पानांची बेरीज एक, दोन, तीन आणि चार मिळून बरोबर दहा. ठोका देता येतो. समोरच्याकडे तीन नव्व्यांचा एक गट आहे. त्याने बदामाची अठ्ठी तुमच्या बदामांना जोडली, बदामाची राणी तुमच्या राण्यांना जोडली. उरली किलवरची दश्शी, इस्पिकची छक्की, चौकटची पंजी, इस्पिकची दुर्री आणि चौकटचा एक्का, एकूण चोवीस. चोवीसातून दहा वजा जाता तुम्हाला चौदा गुण मिळाले.

परंतु समोरच्याची उरलेली बेरीज तुमच्याइतकी किंवा तुमच्याहून कमी निघाली, तर डाव उलटतो. फरकाचे गुण अधिक पंचवीस त्याला मिळतात. म्हणजे त्याच्याकडे आठच उरले असते, तर दोन अधिक पंचवीस असे सत्तावीस गुण त्याच्या खात्यात गेले असते. उलट तुमची दहाही पाने जुळली, तर समोरच्याची संपूर्ण पडीक बेरीज अधिक पंचवीस तुम्हाला, आणि त्या वेळी त्याला पान जोडण्याची मुभा नसते. बंद गड्डीत दोनच पाने उरेपर्यंत कोणी ठोका दिला नाही, तर डाव रद्द. पुढचा डाव आळीपाळीने वाटावा. शंभर गुण प्रथम गाठणारा बाजी जिंकतो. बक्षिसाचे आकडे काही ठिकाणी थोडे निराळे असतात. खेळण्यापूर्वी एकमत करून वहीत लिहून ठेवले की वाद होत नाही.

पडीक पान म्हणजे अडकलेला माल

पेढीवर बसलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हातात दोन राजे धरून तिसऱ्याची वाट पाहणे म्हणजे भाव चढेल या आशेने गोदामात माल अडवणे. उरलेले राजे दोनच आहेत, आणि त्यांतील एखादा समोरच्याच्या हाती असू शकतो. तोपर्यंत त्याने ठोका दिला तर वीस गुणांचा भार आपल्या माथी. त्याऐवजी बदामाची सत्ती, बदामाची अठ्ठी आणि इस्पिकची अठ्ठी ही तीन पाने धरावीत. बदामाची छक्की, बदामाची नव्वी, चौकटची अठ्ठी, किलवरची अठ्ठी यांपैकी कोणतेही एक आले तरी गट जुळतो. दोन वाटांऐवजी चार वाटा खुल्या झाल्या. बदामाची छक्की व अठ्ठी धरून मधल्या सत्तीची वाट पाहणारा मात्र एकाच पानावर विसंबतो. म्हणून आरंभी चित्रांची एकटी पाने सोडावीत, मधल्या आकड्यांची लवचिक पाने धरावीत.

दुसरे कौशल्य समोरच्याने काय उचलले आणि काय टाकले हे ध्यानात ठेवण्याचे. त्याने उघड्यावरून चौकटची नव्वी घेतली, तर चौकटची दश्शी किंवा दुसरी नव्वी टाकताना हात आखडावा. स्मरणाला आणि सावधपणाला ज्येष्ठांच्या वयात यापेक्षा सोपा सराव क्वचितच सापडेल.

आणि सर्वांत अवघड निर्णय ठोक्याचा. दहावर थांबावे की पूर्ण डावाची हाव धरावी? डावाच्या सुरुवातीसच ठोक्याची संधी आली, तर ती बहुधा घ्यावी. समोरच्याचा हात तेव्हा विस्कळीत असतो. बरीच पाळी उलटल्यावर मात्र त्याचाही हात जुळलेला असणार, तेव्हा दहावरचा ठोका अंगलट येऊ शकतो.

पैसा का नको?

श्रावणातील सातम-आठमला पुष्कळ गुजराती आणि कच्छी घरांत पत्ते निघतात, आणि 'थोडेसेच' म्हणून पैसेही निघतात. जन्माष्टमीनंतर चार-पाच दिवसांतच श्वेतांबर पर्युषण सुरू होते. ज्या भावाकडून किंवा मेव्हण्याकडून आठमला रक्कम जिंकली, त्यालाच संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचे असते. सप्त व्यसनांत द्यूताचे नाव पहिले घेतले जाते. जैन परंपरेतील नलकथेत राजा नल आपला धाकटा भाऊ कूबर याच्याशी द्यूत खेळून राज्य गमावतो आणि सोळा सतींपैकी एक असलेली दवदंती वनवास भोगते. घात परक्याने केला नाही, घरच्याच पटावर झाला, हे त्या कथेचे कठोर सांगणे आहे.

कायद्याची ढाल येथे पुरत नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील सत्यनारायण खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. मात्र त्याच निकालात खेळातून चालकाने नफा कमावल्यास गुन्हा ठरू शकतो, असेही नमूद केले. पुढे मोबाईलवरील रमीने 'कौशल्य' या एका शब्दाच्या आधारे घराघरांत शिरकाव केला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घातली. कौशल्य असले म्हणजे हाव थांबते असे नाही. हरलेली रक्कम परत मिळवण्याची ओढ कुशल माणसालाही तितकीच खेचते. फार तर तो स्वतःला अधिक पटणारी कारणे देतो.

ज्यांनी पत्त्यांचा त्यागच केला आहे, त्यांनी तो मोडण्याचे कारण नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंड-विरमण व्रत निष्कारण प्रवृत्तींपासून सावध करते, हेही खरेच. परंतु ज्या घरात पत्ते निघतातच, तेथे तीन मर्यादा पाळता येतील. गुण वहीत लिहावेत, गल्ल्याशी त्यांचा संबंध नसावा. खेळाचा काळ एका सामायिकाइतका, म्हणजे ४८ मिनिटांचा ठरवावा. अपुरा डाव दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवता येतो. आणि पर्युषणाच्या दिवसांत कॅट कपाटात राहू द्यावा.

दुपारी जेवणे आटोपल्यावर आजीने नातवाला ठोका कधी द्यावा हे शिकवावे आणि नातवाने आजीने टाकलेली पाने लक्षात ठेवावीत. आणखी एक पान येईल म्हणून थांबायचे नसते, हे त्याला येथे दोन-चार गुणांच्या नुकसानीत कळते. पुढे व्यापारात हेच कळायला फार मोठी किंमत पडते.