लॅपटॉपची बटणे, आपले डोळे आणि आपली बोटे



साखर, रक्तदाब, गुडघे आणि झोप हे या सदराचे नेहमीचे विषय. आजचे शीर्षक वाचून कुणी म्हणेल, नर्सबाईंनी आता संगणकाचे दुकान काढले की काय! पण गेल्या वर्षभरात मला भेटून किंवा फोन करून विचारलेले बरेच प्रश्न लॅपटॉपचे होते, आणि विचारणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. "अक्षरेच दिसत नाहीत." "मनगट भरून येते." "एकदा बटण दाबले की चार अक्षरे उमटतात." यांचे उत्तर दुकानदाराकडे अर्धेच असते, कारण उरलेला अर्धा भाग डोळ्यांचा आणि हातांचा आहे. कुपत खोलीमच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, रक्ताचा रिपोर्ट पाहायचा, नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा मागवायची, हे सारे आता त्या बटणांतूनच जाते. मुले-नातवंडे करून देतात हे खरे. पण आपला लघवीचा रिपोर्ट नातवाकडून वाचून घ्यायला कुणाला आवडते?

आधी डोळे. वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते आणि आतले भिंग पिवळट होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून नातू त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर "दिसतंय की, आजी" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, आणि तुम्हीही ढोंग करत नसता. शिवाय उतारवयात काळ्यावरचे पांढरे दिसते, पण राखाडीवरचे फिकट करडे दिसत नाही. रंगांतला फरक ओळखण्याची शक्ती कमी होते, मोतीबिंदू असेल तर अधिकच.

आता दुकानात जाऊन पाहा. बरेच लॅपटॉप चंदेरी दिसतील, बटणेही चंदेरी आणि अक्षरे करडी. दिसायला मोठे शोभिवंत. त्याच बटणांखाली पांढरा दिवा असला की दिवसा आणखी पंचाईत. खिडकीचा उजेड बटणावर पडतो, खालून अक्षरातून पांढरा प्रकाश येतो, आणि चंदेरी व पांढरे एकमेकांत मिसळून अक्षर नाहीसे होते. कितीतरी जणांना वाटते, आपली नजर गेली. दिवा बंद करून पाहा, अक्षर परत येते. माझे स्पष्ट मत असे की आपल्या वयाच्या माणसाने काळी बटणे आणि ठळक पांढरी अक्षरे असलेलाच लॅपटॉप घ्यावा. शोभा भिंतीवरच्या फोटोंना असू द्या.

बटणांखालचा दिवा वाईट नाही. संध्याकाळी कमी उजेडात तो खरोखर उपयोगी पडतो. तो लावायची खूण बहुधा वरच्या ओळीतल्या एफ-बटणांपैकी एकावर किंवा स्पेसच्या लांब पट्टीवर असते. छोटा उजळणारा दिवा किंवा किरणे काढलेली दिसतील. लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफएन हे बटण धरून स्पेस दाबली की दिवा लागतो, पुन्हा दाबली की वाढतो, नंतर विझतो. काही यंत्रांत थोडा वेळ काही टाइप केले नाही तर दिवा आपोआप मालवतो. तो बिघाड नाही, कुठलेही बटण दाबले की परत लागतो.

मात्र खोलीतला दिवा घालवून केवळ बटणांच्या आणि पडद्याच्या उजेडात बसू नका. मोतीबिंदूच्या भिंगात प्रकाश विखुरतो, त्यामुळे अंधारातली उजळ अक्षरे पसरून धूसर दिसतात. टेबलावर एका बाजूला दिवा ठेवा, त्याचा उजेड बटणांवर पडावा, पडद्यावर नाही. रंगाचेही तसेच आहे. खेळांसाठी बनवलेल्या लॅपटॉपची बटणे निळी, जांभळी, इंद्रधनुष्यासारखी चमकतात. नातवाने आपला जुना तसा लॅपटॉप दिला असेल तर त्याच्याकडूनच रंग पांढरा करून घ्या. पिवळट झालेले भिंग निळा प्रकाश अडवते, म्हणून नातवाला लख्ख दिसणारे निळे अक्षर तुम्हाला मंद दिसते.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. एकेका बटणावर दोन अक्षरे, वर इंग्रजी आणि खाली कोपऱ्यात हिब्रू, दोन्ही बारीक. काही लॅपटॉपमध्ये हिब्रू अक्षर नुसते वरून छापलेले असते, त्यातून खालचा प्रकाश येत नाही. दिवा लावला की इंग्रजी उजळते आणि हिब्रू अंधारात. विकत घेताना दुकानदाराला दिवा लावून दाखवायला सांगा आणि बटणांवर हाताने सावली धरून पाहा. अमेरिकेहून मुलाने आणलेला लॅपटॉप असेल तर हिब्रू नसतेच. त्यावर चिकटवायची अक्षरे मिळतात, हिब्रूची मिळतात तशी देवनागरीचीही. पण खालून दिवा असलेल्या बटणांवर पारदर्शक पट्ट्याच लावा, जाड पट्टीने दिवा झाकला जातो.

चष्म्याबद्दल थोडक्यात. वाचायचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरसाठी असतो, आणि लॅपटॉपचा पडदा ५० ते ७० सेंटीमीटरवर. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात खालच्या भागातून पडदा पाहायला मान वर करावी लागते, आणि मग मानेचे दुखणे घेऊन मंडळी हाडांच्या डॉक्टरांकडे जातात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात लांबचे दिसणारे भिंग बसवलेल्यांनाही जवळच्या कामाला चष्मा लागतो. घरी पडद्याचे आणि बटणांचे अंतर टेपने मोजा, ते आकडे कागदावर लिहून चष्मेवाल्याला द्या. आणि पापण्या मिटायला विसरू नका. पडद्याकडे पाहताना माणूस कमी वेळा पापण्या मिटतो आणि डोळे चुरचुरतात.

आता हात. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईत कचेऱ्यांतून नोकऱ्या केल्या त्यांना गोदरेजचा टाइपरायटर आठवत असेल. बटण खोलवर जायचे आणि खट्ट आवाजाने कळायचे की अक्षर उमटले. लॅपटॉपचे बटण जेमतेम १ ते दीड मिलिमीटर खाली जाते. जुन्या सवयीची माणसे तितक्याच जोराने दाबतात आणि बोट सपाट पत्र्यावर आदळते. ज्यांच्या बोटांच्या टोकाचे सांधे वाताने गाठाळले आहेत त्यांना हे फार जाणवते. अशांनी घरी लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड जोडावा. साधा, वायरचा, स्वस्तातला चालतो. पिवळ्या बटणांवर मोठी काळी अक्षरे असलेलेही मिळतात. एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असावे, लहान लॅपटॉपवर ते कमी असते आणि जाड झालेले बोट दोन बटणांवर पडते. उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असला तर ओळखपत्राचे ९ आकडे टाकायला बरा. पण त्यामुळे अक्षरे डावीकडे सरकतात, तेव्हा अक्षरांच्या मध्यासमोर बसा, यंत्राच्या मध्यासमोर नाही.

नजर फारच अधू असेल तर बोटांना शोधू द्या. एफ आणि जे या बटणांवर एक बारीक उंचवटा असतो. हिब्रूत तिथे काफ आणि खेत येतात, मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत ऱ्हस्व वेलांटी आणि र. दोन्ही तर्जन्या त्यावर टेकल्या की बाकीची बटणे हाताला सापडतात.

इनस्क्रिप्टबद्दल दोन शब्द, कारण पुष्कळ जण इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात आणि कंटाळतात. ही मांडणी विंडोजमध्ये आधीपासूनच असते, फक्त सेटिंगमधून मराठी भाषा जोडावी लागते. मराठी शाळेत शिकलेल्यांना ती लवकर कळते, कारण डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजने. क च्या बटणावर शिफ्ट धरले की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ, ल वर ळ. बाराखडी पाठ असणाऱ्याला आणखी काय पाहिजे? अडचण एकच, शिफ्ट धरून ठेवायला करंगळी दुखते. त्यावर उपाय आहे. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबा. पडद्यावर 'स्टिकी कीज'चा प्रश्न येईल, त्याला हो म्हणा. मग शिफ्ट दाबून सोडायचे आणि नंतर अक्षर दाबायचे, धरून बसायला नको. हात कापत असेल आणि एकाच्या जागी चार अक्षरे येत असतील तर उजवीकडचे शिफ्ट ८ सेकंद दाबून धरा. 'फिल्टर कीज' चालू करायचे का, असे विचारले जाईल. चालू केल्यावर चुकून झालेले स्पर्श मोजले जात नाहीत. मात्र कंप नवीन असेल तर बटणांची सोय करून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. काम करताना हात कापणे आणि मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापणे ही दोन वेगळी लक्षणे आहेत. आपला कंप कधी होतो ते त्यांना नीट सांगा.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग रात्री बधिर होत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मधुमेह आणि थायरॉइड असणाऱ्यांना हे अधिक होते. पलंगावर रेलून, मनगट वर वाकवून टाइप करणे सोडा. आणि नाव लॅपटॉप असले तरी तो मांडीवर घेऊन तास न् तास बसू नका. त्याच्या उष्णतेने कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडतात. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांना चटका कळतही नाही.

भाषेच्या गोंधळाने तर आपण सगळेच हैराण आहोत. हिब्रूत शालोम लिहायला जावे आणि पडद्यावर ए, के, यू, ओ अशी इंग्रजी अक्षरे यावीत, हे या देशात रोजचे. डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबले की भाषा बदलते, आणि कोणती भाषा चालू आहे ते खाली कोपऱ्यात दिसते. पासवर्ड टाकण्याआधी तिकडे पाहावेच, कारण पासवर्डची अक्षरे दिसत नाहीत आणि चार-पाच वेळा चुकले की खाते बंद होते.

पण या गोंधळाची इतकी सवय झाली आहे की त्याआड एक गंभीर गोष्ट लपते. माझ्या ओळखीच्या एक बाई रोज संध्याकाळी ठाण्यातल्या बहिणीला मराठीत चार ओळी लिहितात. एका संध्याकाळी आलेल्या ओळी देवनागरीतच होत्या, पण शब्द अर्धवट, एकच अक्षर पुन्हा पुन्हा, वाक्याला अर्थ नाही. बहिणीला वाटले, कीबोर्ड बिघडला. तिने हसून उत्तर पाठवले, त्यावर पुन्हा तसेच आले. तेव्हा तिने इथल्या भाचीला फोन केला. भाची शेजारच्याच इमारतीत राहते. तिने जाऊन पाहिले तर मावशी खुर्चीत बसलेली, बोलताना शब्द सापडत नव्हते, आणि उजवा हात नीट उचलता येत नव्हता. मेंदूचा झटका होता. रुग्णवाहिका लगेच आली, औषध वेळेत मिळाले. आज त्या पुन्हा लिहितात, थोडे सावकाश.

फरक ओळखायला सोपा आहे. भाषा बदलायची राहिली असेल तर लिपीच दुसरी येते, हिब्रूच्या जागी इंग्रजी किंवा मराठीच्या जागी हिब्रू. लिपी बरोबर असून नेहमी नीट लिहिणाऱ्या माणसाचे शब्द अचानक विस्कटले, तर हसू नका, फोन करा. त्याला बोलते करा, हसायला सांगा, दोन्ही हात पुढे उचलायला सांगा. तोंड वाकडे होत असेल, एक हात खाली येत असेल किंवा बोलणे अडखळत असेल तर ताबडतोब मागेन दाविद आदोमला १०१ वर फोन करा. यातली एकच खूण दिसली तरी पुरे. सकाळपर्यंत थांबू नका, आपल्या मोटारीतून नेऊ नका. अॅस्पिरिनही देऊ नका, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "शेवटी ठीक कधी होते?" तेव्हा तो फोन किंवा लॅपटॉप बरोबर घ्या. शेवटच्या नीट लिहिलेल्या मेसेजखाली तास आणि मिनिट लिहिलेले असते, ते डॉक्टरांना दाखवा.