गाजर गवताला आवर कोण घालतं?
सृष्टीची मोजदाद : लेखांक ७

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की परभणी-गंगाखेड रस्त्याच्या कडेला, गायरानात, धुऱ्यांवर, शाळेमागच्या मोकळ्या जागेत गाजर गवताची कोवळी रोपं दाटीनं वर येतात. पंधरा दिवसांपूर्वी तिथं भेगाळलेली काळी जमीन होती. ही रोपं आली कुठून, ते कुणीही सांगेल: गेल्या साली बी पडलं, ते आता उगवलं. अवघड प्रश्न पुढचा आहे. एवढं बी जमिनीत असताना सगळं शिवारच गाजर गवतानं का भरून जात नाही?

हिशेब मांडून पाहू. एक जोमदार झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. आपण पंधरा हजार धरू. त्यातली शंभरात एकच उगवून मोठी झाली, तरी एका झाडाची १५० होतात. त्या १५० ची साडेबावीस हजार. तिसऱ्या पिढीला आकडा पावणेचौतीस लाखांवर जातो. हे गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. कालव्याच्या कडेला ओल टिकून असली, तर एका वर्षात एकाहून जास्त पिढ्या सहज निघतात.

असं वाढण्याची ताकद प्रत्येक जिवात असते. हत्ती सावकाश वाढतो, मावा झपाट्यानं, एवढाच फरक. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसनं १७९८ मध्ये माणसांच्या संख्येबद्दल हे गणित मांडलं. १८३८ मध्ये डार्विनच्या वाचनात ते आलं आणि त्याचं लक्ष जगणाऱ्यांइतकंच मरणाऱ्यांकडेही गेलं. संख्या आहे तेवढीच राहायची, तर पंधरा हजार बियांतून सरासरी एकच झाड उभं राहायला हवं. बाकीच्या १४,९९९ बिया कशानं संपतात, हे शोधणं मला जीवांच्या संख्येच्या शास्त्रातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

काहींना हवामान मारतं. पावसानं मोठा खंड दिला की रोपं करपतात, मग ती विरळ असोत वा दाट. मराठवाड्याला हे सांगायला नको. पण खंड काही झाडं मोजून पडत नाही. संख्येला खरा आवर बसतो तो गर्दी वाढली की जोर धरणाऱ्या कारणांनी. दाट ताटव्यात मुळांना ओल पुरत नाही, खालच्या रोपांपर्यंत ऊन पोचत नाही. काही मरतात, उरलेली काटकुळी राहतात आणि थोडंच बी धरतात. रोगही दाटीत लवकर पसरतो. खाणारे किडेही जिथं खाणं भरपूर, तिथंच गोळा होतात.

इथंच आपल्याकडे घोळ झाला. गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. तिकडे त्याच्यावर जगणारे किडे आणि रोग पुष्कळ आहेत. पुण्यात १९५५ साली ते ठळकपणे नजरेत भरलं, तेव्हा इथं त्याला खाणारं जवळजवळ कुणी नव्हतं. गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. मग त्याचा एक जुना वैरी मुद्दाम आणावा लागला. १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक भुंगा बंगळूरला आणला गेला आणि चाचण्या झाल्यावर १९८४ मध्ये मोकळ्या रानात सोडला गेला. त्याचं शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा, शेतकऱ्यांच्या तोंडी मेक्सिकन भुंगा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभागाच्या परोपजीवी कीटक योजनेत तो वाढवून शेतकऱ्यांना दिला जातो.

ऑगस्टमध्ये गाजर गवताचं एखादं पान उलटून पाहा. खालच्या अंगाला पिवळसर, बारीक अंडी दिसतील. शेंड्याकडच्या कोवळ्या पाल्यात पिवळट अळ्या तोंड खुपसून बसलेल्या असतात. भुंगा जेमतेम सहा मिलिमीटर लांब, मळकट पांढरा, पाठीवर गडद तपकिरी वळणावळणाच्या रेघा. पूर्ण वाढलेली अळी खाली उतरून मातीत शिरते आणि तिथं कोष करते. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभराचा.

या एका महिन्यानं सगळं गणित बदलतं. हिवाळ्यात मातीत दडी मारलेले भुंगे पहिल्या पावसात बाहेर पडतात, तेव्हा ते मूठभर असतात आणि गवत मात्र मैलोगणती. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांच्या नव्या पिढ्या येतात आणि ताटव्याचे नुसते खराटे उरतात. मग खाणं संपतं. अळ्या उपाशी मरतात, भुंगे दुसरीकडे उडतात, आणि तोवर बी धरलेल्या झाडांची पुढची पिढी मातीत वाट पाहत असते. खाणारा नेहमी थोडा मागून येतो, म्हणून दोघांची संख्या आलटून पालटून वर-खाली होते. इटलीच्या व्होल्टेरा या गणितज्ञानं १९२६ मध्ये एड्रियाटिक समुद्रातल्या माशांवरून हेच समीकरणांत बसवलं होतं. भुंगे सोडूनही गवत दिसतंय, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा मागे पडलेला महिना ध्यानात घ्यावा.

असा वैरी आणायला भीती वाटणं साहजिक आहे. कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. तपासात आढळलं की त्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले होते आणि भुंगे त्यांच्या ओढीनं पानं कुरतडत होते. वैरी आणून तण आवरण्याचा फड्या निवडुंगाचा दाखला त्याहून जुना. १७९५ मध्ये लाल रंगासाठी म्हणून हिंदुस्थानात आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला आणि त्यानं इथला एक निवडुंग फस्त केला. १९२६ मध्ये दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी त्या किड्याचा भाऊबंद श्रीलंकेतून मुद्दाम आणला गेला.

मात्र मेक्सिकन भुंग्याचा कोष मातीत असतो, म्हणून वखर-नांगर फिरणाऱ्या वावरात त्याचा जम बसत नाही. गायरान, पडीक रान, रस्त्याची कड ही त्याची जागा. वावरातलं आणि धुऱ्यावरचं गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटलेलंच बरं. रिकाम्या जागेत तरोट्याचं बी फेकलं तर तो गाजर गवताची जागा बळकावतो. भुंगे सोडायचे असतील, तर जिथं ते भरपूर आहेत तिथून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात गोळा करावेत आणि पुढचे दोन महिने औत फिरणार नाही अशा ताटव्यावर सोडावेत.

पुढच्या लेखात कपाशीकडे वळू. तिथं गुलाबी बोंडअळीला वर्षभर पोसणारी फरदड आपण स्वतःच ठेवतो.