टँकर भरणारा व्हॉल्व्ह आणि घाई

मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या इंधन डेपोत टँकरची रांग पुढे सरकत राहावी, ही गॅन्ट्रीवरच्या, म्हणजे टँकर भरण्याच्या मंचावरच्या, सगळ्यांचीच निकड असते. मग भरण सुरू होताना व्हॉल्व्ह प्रवाह हात आखडून सोडतो, तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. ‘सुरुवातीचा लो-फ्लो काढून टाका’ ही मागणी तिथूनच येते. ती कधीही मान्य करू नये.

पाइप आणि फिल्टरमधून वाहताना पेट्रोल-डिझेलमध्ये स्थिर विद्युतभार साठतो. वेग वाढला की भारही वाढतो, आणि नळीचं तोंड उघडं असताना द्रव उसळला, शिंतोडे उडाले तर त्यात आणखी भर पडते. म्हणून तोंड द्रवात पुरतं बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच्या आत ठेवतात. 100 मिलिमीटरच्या पाइपमध्ये हा प्रवाह मिनिटाला सुमारे 470 लिटर होतो. त्यानंतर वेग (मीटर प्रतिसेकंद) आणि व्यास (मीटर) यांचा गुणाकार 0.5 च्या वर जाऊ द्यायचा नाही, हा रस्त्यावरच्या टँकरसाठीचा रूढ संकेत. त्याच पाइपला तो सेकंदाला 5 मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण 2,350 लिटरवर थांबवतो.

‘अर्थिंग लावलंय, आता वेगाची काय चिंता?’ हे तर फारच सर्रास ऐकू येतं. अर्थिंगची क्लॅम्प टँकरच्या धातूवरचा भार जमिनीत नेते, आणि ती हवीच. पण भार द्रवातही असतो, आणि हे द्रव विजेचे मंद वाहक असल्याने तो भिंतीपर्यंत पोचून ओसरायला वेळ लागतो. फिल्टरनंतर द्रवाला पाइपमध्ये किमान 30 सेकंद मिळावेत, असं म्हणतात ते यासाठीच. डिझेल पेट्रोलइतकं सहज पेटत नाही म्हणून निर्धास्त राहणंही चूक. आधी पेट्रोल असलेल्या कप्प्यात डिझेल भरताना उरलेली वाफ पेट घेण्याजोग्या प्रमाणात येऊ शकते आणि भार मात्र डिझेल निर्माण करत असतं. माझ्या मते गॅन्ट्रीवरचा सर्वांत धोक्याचा प्रसंग हाच.

आता व्हॉल्व्हकडे. इथे बहुधा दोन सॉलेनॉइडचा डायफ्रॅम व्हॉल्व्ह असतो. वरच्या पोकळीतला द्रव बाहेर सोडला की तो उघडतो, पोकळीत द्रव आला की मिटतो आणि दोन्ही वाटा बंद केल्या की आहे तिथे थांबतो. मीटरचे पल्स मोजून हा खेळ बॅच कंट्रोलर चालवतो. या पोकळीला जोडलेल्या बारीक नळीवरचा, म्हणजे पायलट लाइनवरचा, नीडल व्हॉल्व्ह फिरवून प्रवाह कमी-जास्त करता येतो, असा समज आहे. प्रवाहाचा आकडा मात्र कंट्रोलरमध्ये भरलेला असतो. नीडल ठरवते ती उघडण्या-मिटण्याची गती. मिटण्याच्या बाजूची नीडल पूर्ण आवळली, तर वरच्या पोकळीत द्रव जायला वाटच उरत नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून पाव-पाव फेरा फिरवावा, प्रत्येक वेळी प्रत्यक्ष भरण करून पाहावं आणि नीडल कधीच तळाशी टेकवू नये.

‘झटक्यात बंद झाला तर माप अचूक’ हेही खरं नाही. पेट्रोलचा वेग एकदम सेकंदाला 1 मीटरने घटला, तर पाइपमध्ये सुमारे 7 बारचा दाबाचा धक्का बसतो. 5 मीटरवरून एकदम शून्य केलं तर गॅस्केट, मीटर, टँकर भरणाऱ्या आर्मचे सांधे सगळंच पणाला लागतं. अचूकता येते ती दोन टप्प्यांच्या मिटण्यातून. मिनिटाला 2,400 लिटरच्या प्रवाहात व्हॉल्व्ह दोन सेकंदांत एकसारखा मिटला तरी तेवढ्यात 40 लिटर निघून जातात. आधी लो-फ्लोवर येऊन मग एका सेकंदात मिटला तर जेमतेम 4. हे 4 लिटर दर वेळी तेवढेच राहिले, तर कंट्रोलर ते आधीच हिशेबात धरू शकतो. जलद मिटण्यापेक्षा दर वेळी सारखं मिटणं मोलाचं.

एकदा बसवलेलं सेटिंग कायम टिकतं, ही समजूतही सोडावी. एकच आर्म चालू असताना आणि सगळे आर्म एकदम चालू असताना त्यांच्या सामाईक पाइपमधला, म्हणजे हेडरमधला, दाब वेगळा असतो. जुळवणी दोन्ही स्थितींत तपासावी. पायलट लाइनवरची छोटी जाळी तुंबली तर वीज गेल्यावर आपोआप मिटणारा व्हॉल्व्हसुद्धा रेंगाळतो किंवा मिटतच नाही. जाळी साफ केल्यावर नियंत्रित भरणात सॉलेनॉइडची वीज तोडून व्हॉल्व्ह किती सेकंदांत मिटतो ते मोजावं, आणि कप्पा भरत आल्याचं ओळखणाऱ्या ओव्हरफिल प्रोबच्या वर कप्प्यात तेवढ्या वेळेपुरती जागा उरते का, हे त्या आकड्याशी ताडून पाहावं.