रानातून समुद्राकडे उतरणारी वाट

ऑकलंड : शहराच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर वेंडरहोम हे उद्यान आहे. भूशिरावर दाट झाडी, तिच्यातून फिरणारी पायवाट आणि उतार संपला की पोहुतुकावा वृक्षांच्या सावलीतली वाळू. शाळकरी मुलं आणि आजी-आजोबा एकाच फेरीत रान आणि समुद्र दोन्ही पाहून येतात, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. एकेकाळी ही खासगी मालमत्ता होती. १९६५ साली ती ऑकलंडचं पहिलं प्रादेशिक उद्यान म्हणून लोकांसाठी खुली झाली. अशा वाटा पाहिल्या की आपल्याकडे पटकन म्हटलं जातं, देश सुंदर, माणसं शिस्तीची, मग काय! पण सुंदर किनारा आपल्यालाही आहे. न्यूझीलंडकडे वेगळं आहे ते या वाटांमागचं कायद्याचं आणि जबाबदारीचं काम. तेच अंधेरीकरांनी नीट पाहावं असं मला वाटतं.

एकोणिसाव्या शतकात इथे जमिनींची मोजणी आणि विक्री होताना समुद्र, नद्या आणि सरोवरांच्या काठचा सुमारे वीस मीटरचा पट्टा सार्वजनिक ठेवण्याचा प्रघात पडला. ‘राणीची साखळी’ या नावाने तो ओळखला जातो. तो सलग नाही. मधे मोठमोठे तुकडे खासगी मालकीत आहेत. म्हणून २००८ साली पायी जाण्याच्या हक्कासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्या हक्काचं काम पाहणारा आयोगही नेमला गेला. दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १९७४ पासून इथे अपघाताची भरपाई सरकारी योजनेतून मिळते, मग चूक कोणाचीही असो. बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही तिचं संरक्षण असतं. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. त्यामुळे उद्या कोणी घसरून पडलं तर दावा लागेल, या भीतीने नगरपालिकेला वाटेवर कुलूप घालावं लागत नाही. ती वाटेची प्रतवारी करते आणि पाटीवर अंतराऐवजी बहुधा लागणारा वेळ लिहिते. मुलं बरोबर असलेल्या आईला किलोमीटरपेक्षा ‘वीस मिनिटं’ अधिक कळतं.

याच देशाने लाडक्या वाटा बंदही केल्या आहेत, आणि माझ्या मते या जबाबदारीचा हा सगळ्यात ठोस पुरावा आहे. ऑकलंडच्या पश्चिमेला वायटाकरे डोंगरांत सोळा हजार हेक्टरांहून मोठं उद्यान आहे. तिथून खाली पिहा आणि कारेकारेच्या काळ्या वाळूवर उतरता येतं. ही वाळू दूरच्या तारानाकी भागातल्या ज्वालामुखीच्या खडकातून झिजून प्रवाहांबरोबर इथवर आलेली, लोहयुक्त. या रानातले कौरी वृक्ष शेकडो वर्षं जगतात. पण मुळांवर हल्ला करणारा एक सूक्ष्म रोगजंतू बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरतो, आणि रोग झालेलं झाड पूर्ण बरं करणारा उपाय अजून सापडलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते कावेराऊ आ माकी या स्थानिक माओरी जमातीने रानावर राहुई, म्हणजे पारंपरिक प्रवेशबंदी, घातली. त्यानंतर मे २०१८ मध्ये ऑकलंड नगरपालिकेने रानाचा बहुतेक भाग अधिकृतपणे बंद केला. चालणाऱ्यांनी विरोध केला. रान सर्वांचं आहे, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण मग काही वाटांवर खडी आणि लाकडी फळ्या टाकून, पाय मातीला लागणारच नाही अशी व्यवस्था करून त्या पुन्हा उघडल्या गेल्या. वाटेच्या तोंडाशी बूट घासून जंतुनाशक मारण्याची सोय असते.

इथली बाजू सगळी उजळ आहे असं मात्र नाही. जी जमीन ‘सार्वजनिक’ झाली तिच्यातली पुष्कळशी माओरींच्या हातून कवडीमोल किमतीत किंवा जबरदस्तीने गेलेली. २००४ साली सरकारने किनारपट्टी आणि समुद्रतळ सरकारी मालकीत घेणारा कायदा आणला तेव्हा हजारो माओरी मोर्चा घेऊन वेलिंग्टनच्या संसदेवर गेले. २०११ मध्ये तो कायदा रद्द झाला. नव्या कायद्याने सर्वांचा प्रवेश कायम ठेवून जमातींच्या परंपरागत हक्कांना मान्यतेचा मार्ग दिला. अंधेरीतल्या वर्सोव्याच्या कोळीवाड्याच्या दृष्टीने हा इतिहास फार मोलाचा आहे. फिरायला येणाऱ्यांसाठी वाट करताना मासळी वाळवण्याची जागा आणि होड्यांचा किनारा हिरावला गेला, तर तो अन्यायच ठरेल.

अंधेरीतही अशी वाट हवी म्हटलं की आक्षेप येतात. पहिला लोकसंख्येचा. न्यूझीलंड महाराष्ट्रापेक्षा आकाराने लहान, आणि माणसं पन्नास-पंचावन्न लाख. आपण २०११ मध्येच सव्वाअकरा कोटींच्या जवळ होतो. हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. गर्दी जितकी जास्त, तितकी मोकळी पायवाट धोक्याची आणि आखलेली, उंचावर बांधलेली वाट गरजेची. दुसरा आक्षेप बिबट्यांचा. ते संजय गांधी उद्यानात आहेत, आणि तिथल्या रानात कुटुंबांना मोकाट सोडा असं कोणीच म्हणत नाही. अंधेरीचं समुद्रालगतचं रान वेगळं आहे. लोखंडवाला-वर्सोव्याकडची तिवरं, म्हणजेच कांदळवन, हेच ते रान. तिसरा आक्षेप जास्त गंभीर : माणसं गेली की तिवरं मरतील. पण माणसांची नजर जात नाही तिथेच रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. उलट उदाहरण शेजारीच आहे. वर्सोव्याची वाळू २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी उपसून साफ केली, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली.

कायद्याचा पायाही आपल्याकडे आहे. २०१२ मध्ये राज्याने वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन केला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या हक्कावर घाला ठरवला आणि भोवती पन्नास मीटरचा संरक्षित पट्टा ठेवायला सांगितलं. गोराईत कांदळवन उद्यान आणि त्यात उंचावरची लाकडी वाट करण्याचं काम हाती घेतलं गेलं. अंधेरीत मात्र तिवरांची चर्चा बहुतेक वेळा रस्ते आणि पुलांच्या निमित्तानेच होते.

म्हणून अंधेरीकरांना विनंती अशी. आपल्या नगरसेवकाकडे आणि महापालिकेच्या के-पश्चिम विभागाकडे लेखी मागणी करा : तिवरांच्या कडेने वाळूपर्यंत जाणारी, फळ्यांची, मोजक्या माणसांची एक वाट. तिचा आराखडा कांदळवन कक्षाने करावा, कोळीवाड्याची संमती काम सुरू होण्याआधी घ्यावी, आणि भरती-पावसात किंवा तिवरांना इजा दिसताच वाट बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे पहिल्याच दिवशी पाटीवर लिहावं.