चंद्रपूर-गडचिरोलीतील वनमार्ग : भूस्तर, ऋतू आणि वाहनचालन

प्रस्तावना :
खडतर मार्गावरील वाहनचालन म्हटले की परदेशातील ज्वालामुखीजन्य वाळवंटे व तेथील साहसी सहली डोळ्यांसमोर येतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र तो छंद नसून गरज आहे. रुग्णवाहिका, मतदान पथक व धान्याची मालमोटार यांना अनेकदा कच्च्या वाटेनेच जावे लागते. या वाटांचा स्वभाव भूस्तरावर कसा अवलंबून असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भूस्तर :
चंद्रपूरच्या पश्चिम भागात दख्खनच्या लाव्हाक्षेत्राची पूर्वसीमा येते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा बेसॉल्ट विदीर्ण होऊन काळी माती तयार झाली. तिच्यातील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात. परिणामी चिखल टायरच्या खाचांत बसतो व पकड सुटते. उन्हाळ्यात हीच माती आकसून भेगाळते. याउलट गडचिरोलीत प्रामुख्याने ग्रॅनाइट व पट्टिताश्म हे अतिप्राचीन खडक आहेत. तेथील मुरमातून पाण्याचा निचरा लवकर होतो. अडचण येते ती वाळूने भरलेल्या नाल्यांत.

वाहनचालनाची तत्त्वे :
चिखलात वेग एकसारखा ठेवावा. चाक जागीच फिरू लागल्यास अधिक गती दिल्याने ते खोल रुतते. वाळूत टायरमधील हवा काहीशी कमी केल्यास स्पर्शक्षेत्र वाढते व भार विभागला जातो. खडकाळ उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या रोधाने उतरावे. सतत ब्रेक दाबल्यास ते तापून निकामी होतात.

नदी व पूर :
भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेवरील ठेंगणा पूल पावसाळ्यात वारंवार बुडत असे व पलीकडील गावांचा संपर्क तुटत असे. सुमारे ३० सेंटिमीटर खोल वाहते पाणीही लहान मोटार वाहून नेऊ शकते, कारण उत्प्लावक बलाने चाकांवरील भार घटतो. म्हणून पुराच्या वेळी थांबणे हेच कौशल्य होय.

निष्कर्ष :
तथापि, थांबणे प्रत्येकाला परवडत नाही. दुर्गम पाड्यावरील प्रसववेदना सुरू झालेल्या स्त्रीला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेव्हा चालकाचे कौशल्य अपुरे पडते. भूस्तर ओळखून बांधलेले रस्ते व पुरेशा उंचीचे पूल हाच त्यावरील खरा उपाय आहे.