कारभाऱ्याची किल्ली

संगणक बिघडला कीं आपण दुरुस्तीवाल्याला बोलावतों. पण तो सुरळीत चालत असतांना त्याचा कारभार कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. विषय कदाचित् रुक्ष वाटेल. तथापि ज्या घरांत बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि लग्नमुंजीचीं छायाचित्रें एकाच यंत्रांत सांठविलेलीं असतात, त्या घराला तो परका खास नाहीं.

संगणकाच्या अंगोपांगांवर प्रत्यक्ष हुकमत चालते ती त्याच्या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची. विंडोज, लिनक्स, मॅकओएस हीं तिचीं परिचित रूपें. पत्र लिहिणारा असो वा चित्र दाखविणारा असो, कोणताहि प्रोग्राम केवळ स्वतःच्या बळावर कांहीं करूं शकत नाहीं. एखादी फाईल उघडावयाची झाली तरी त्याला कार्यप्रणालीकडे परवानगी मागावी लागते. आणि कार्यप्रणाली मुख्यतः एकच गोष्ट पाहते, ती ही कीं, ही मागणी कोणाच्या वतीनें आली आहे. येथें लक्षांत ठेवण्याजोगा मुद्दा असा, कीं यंत्राला माणूस दिसत नाहीं, खातें दिसतें. ज्या खात्यांत बसून आपण एखादा प्रोग्राम चालू करतों, त्या खात्याचे अधिकार बहुतांशीं त्याला आपोआप लाभतात. मग तो मित्रानें पाठविलेला खेळ असो किंवा खेळाच्या वेषांत आलेला चोर असो.

हा खात्यांचा भेद जुना आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास घेतली. एका यंत्रावर अनेकांनीं काम करावें, पण एकानें दुसऱ्याच्या कामांत हात घालूं नये, अशी व्यवस्था तीत करण्यांत आली. सामान्य खात्याला स्वतःच्या फायलींपुरती मुभा. आणि 'रूट' नांवाच्या एका खात्याला मात्र सर्वाधिकार. या रूटचा क्रमांक शून्य असतो, आणि शून्य क्रमांकाला फाईल उघडण्यास कोणी आडकाठी करीत नाहीं. (शून्याला इतका मोठा मान मिळालेला पाहून आपणां भारतीयांना थोडें कौतुक वाटल्यास नवल नाहीं.) लिनक्स आणि मॅकओएस यांनीं हीच परंपरा उचलली. विंडोजमध्यें या पदाला 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणतात. आपण त्याला कारभारी म्हणूं.

कारभाऱ्याचीं कामें थोडीं आहेत : नवे प्रोग्राम बसविणें, कार्यप्रणालीचे अंतर्भाग बदलणें, इतरांचीं खातीं निर्माण करणें वा काढून टाकणें. घरगुती संगणकावर असें काम महिन्यांतून एकदां निघालें तरी पुष्कळ. परंतु विंडोज प्रथम बसवितांना जें खातें तयार होतें तें कारभाऱ्याचें असतें. दुकानदार तेंच आपल्या हवालीं करतो, आणि मग आजोबांच्या भजनांपासून नातवाच्या खेळांपर्यंत सारें त्याच खात्यांतून चालतें. तिजोरीची किल्ली कमरेला लावून भाजी आणावयास जाण्यासारखाच हा प्रकार. २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशा खात्यालाहि मधून मधून 'हा बदल करूं का?' असें विचारणारी चौकट पुढें येऊं लागली. चौकट चांगली आहे. पण न वाचतां 'होय' दाबण्याची संवय आपण इतकी लावून घेतली आहे कीं, त्या पहारेकऱ्याची दरडावणी आतां कोणाच्या कानींच पडत नाहीं. सामान्य खात्यांत बसलें असतां तोच पहारेकरी कारभाऱ्याचा परवलीचा शब्द मागतो. तो शब्द टंकण्यापूर्वीं हात क्षणभर थांबतो, आणि तेवढा क्षण बहुधा पुरेसा होतो.

एकच किल्ली सर्व दारांना लागत असली म्हणजे काय होतें, हें २७ जून २०१७ रोजीं जगाला दिसून आलें. युक्रेनमध्यें हिशेब व करभरणा यांसाठीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम. ई. डॉक या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर एक घातक प्रोग्राम असंख्य यंत्रांत शिरला. पुढें तो 'नॉटपेट्या' या नांवानें ओळखला गेला. खंडणी मागणें हें त्याचें निव्वळ सोंग होतें; पैसे भरणाऱ्यालाहि आपली माहिती परत मिळण्याची सोय नव्हती. पसरण्याचे त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, विंडोजमधील एका छिद्राचा. तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें तीन महिने आधीं, १४ मार्च रोजींच, देऊन ठेवली होती. दुसरा मार्ग अधिक विचार करावयास लावणारा आहे. कार्यालयांतील सर्व यंत्रांची व्यवस्था पाहणारा कारभारी ज्या यंत्रावर काम करतो, त्या यंत्राच्या स्मृतींत त्याच्या ओळखीच्या खुणा राहून जातात. त्या उचलून हा शत्रु शेजारच्या यंत्रापुढें कारभारी म्हणूनच उभा राही. तेथील छिद्र बुजविलेलें असलें तरी उपयोग काय? दार फोडावें लागतच नव्हतें.

डेन्मार्कच्या मर्स्क या बलाढ्य जहाज-कंपनीचा व्यवहार त्या दिवशीं पाहतां पाहतां ठप्प झाला. मुंबईसमोरील न्हावाशेवा येथें, जवाहरलाल नेहरू बंदरांत, तिच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचें कामहि विस्कळीत झालें. कंपनीला सुमारें ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्यानें सजवावे लागले. नुकसानीचा तिनें केलेला अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरांचा होता. सर्वांत बिकट गोष्ट म्हणजे, कोणाला कोठें प्रवेश आहे याची नोंदवही राखणारे तिचे सर्व्हर एकमेकांच्या नकला करीत असत. त्यामुळें एक गेला तरी दुसरा आहे, असा भरंवसा होता. प्रत्यक्षांत सगळे एकदमच गेले. वांचला तो एकच, घानामधील कार्यालयांतला. कारण नेमकी त्या वेळीं तेथील वीज गेलेली होती! वीज गेल्याबद्दल कोणी देवाचे आभार मानल्याचा असा प्रसंग विरळाच. त्यांतील माहिती तारेवरून पाठविण्यास फार दिवस लागते आणि घानाच्या कर्मचाऱ्यांपाशीं ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एकजण ती घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला आणि तेथून दुसऱ्यानें ती लंडनला पोंचविली.

घरीं करावयाचें तें याहून पुष्कळ सोपें आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें 'अकाउंट्स' या सदरांत एक नवें खातें काढा, त्याला कारभाऱ्याचा अधिकार आणि परवलीचा लांब शब्द द्या, आणि त्यांत एकदां प्रवेश करून पाहा. मग त्याच नव्या खात्यांतून आपल्या नेहमींच्या खात्याचा प्रकार बदलून 'स्टँडर्ड' करा. हा क्रम उलटा करूं नये, नाहीं तर आपल्याच घराबाहेर उभें राहण्याची पाळी येईल. परवलीचा शब्द कागदावर लिहून कपाटांत ठेवण्यास मी मुळींच हरकत घेणार नाहीं. दूरदेशींच्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोंचत नाहीं. कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या मात्र येतील तशा घेत जाव्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हें ज्यांचीं यंत्रें जुनीं आहेत त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

या उपायाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. सामान्य खात्यांत शिरलेला चोर कार्यप्रणालीला सहजासहजीं हात लावूं शकणार नाहीं, पण त्या खात्यांतील पत्रें व छायाचित्रें त्याला मोकळींच असतात. कारण तीं तुम्हांलाहि मोकळीं असतात. त्यांच्यासाठीं वेगळ्या हार्ड डिस्कवर नक्कल हवी, आणि ती डिस्क काम झाल्यावर यंत्रापासून सोडवून ठेवावयास हवी. सतत जोडलेल्या नकलेचें काय होतें तें वर आलेंच आहे. महिन्यांतून एकदां नक्कल घ्यावी, आणि त्याच वेळीं तींतलें एखादें जुनें छायाचित्र दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावें.