रुग्णालयातील खाट

साथीचा रोग पसरू लागला, म्हणजे रुग्णालयापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खाटांचा. समजा, एका रुग्णालयात १०० खाटा आहेत आणि प्रत्येक रोगी तेथे १० दिवस राहतो. अशा रुग्णालयात सरासरीने रोज १० खाटाच रिकाम्या होतील. मग रोज १५ रोगी दाराशी आले, तर उरलेल्या पाच जणांनी जावे कोठे?

२०२० साली करोनाच्या साथीत हाच प्रश्न पिंपरी-चिंचवड या उद्योगनगरीपुढे उभा राहिला. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे तेथील महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय. त्यात सुमारे ७५० खाटा आहेत. ते करोनाच्या रोग्यांसाठी राखून ठेवण्यात आले. तरीही जागा पुरेना. तेव्हा नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर सुमारे ८०० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारण्यात आले. लोक त्याला ‘जम्बो रुग्णालय’ म्हणत.

परंतु नुसत्या खाटा मांडल्याने रोगी बरा होत नाही. खाटेपाशी डॉक्टर हवा, परिचारिका हवी आणि श्वास कोंडणाऱ्या रोग्याला प्राणवायूही हवा. हे सारे मोजकेच असते. म्हणून रोग्यांची निवड करावी लागते. ज्यांना सौम्य त्रास होता, त्यांना काळजी केंद्रात किंवा घरीच वेगळे ठेवीत. मध्यम आजाऱ्यांना प्राणवायूची सोय असलेल्या ठिकाणी नेत. आणि अत्यवस्थ रोग्यांसाठी अतिदक्षता विभागातील खाटा राखीत. श्रीमंती किंवा ओळख नव्हे, तर आजाराची तीव्रता हीच या निवडीची खरी कसोटी होय.

प्राणवायू मिळविण्यासाठी उद्योगांनाही झळ सोसावी लागली. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे कारखाने जवळच चाकणला आहेत. हा वायू एरवी पोलाद कापण्याच्या व जोडण्याच्या कामीही येतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी ८० टक्के भाग रुग्णालयांना देण्याचा आदेश शासनाने काढला. यंत्रांपेक्षा माणसाचा श्वास मोलाचा ठरला.

साथीच्या काळात मुखपट्टी बांधणारा, गर्दी टाळणारा सामान्य नागरिकही या कामात वाटेकरी असतो. तो स्वतः आजारी पडण्याचा आणि इतरांना आजारी पाडण्याचा धोका कमी करतो. आणि वाचलेली ती एक खाट कोणा अनोळखी माणसाचा जीव वाचविते.